सातव्या रिळातला रंगारी

गस हॅलोरन दिग्दर्शक म्हणून कितीही मोठा असो, माणूस म्हणून गाढव आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय आणि आजही सांगेन. शहाणा असता तर मिल्टला त्या दिवशी सेटवर आणलंच नसतं. आणलं तर आणलं, आरशाच्या रोखानं उभं तरी केलं नसतं. आणि आरशात दिसला हे कळल्यावर तरी तो तुकडा कापून टाकला असता. तीन वेळा गाढवपणा केला, आणि त्यातल्या दोन वेळा मी वही मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा शहाणपण मलाही फारसं शिकवता येणार नाही म्हणा.

माझं नाव व्हर्ना लिंडक्विस्ट. स्टुडिओत मला 'स्क्रिप्ट गर्ल' म्हणायचे. बावन्न साली माझं वय शेहेचाळीस, केस निम्मे पांढरे, तरी गर्लच. काम काय, तर बघायचं. नटानं पहिल्या टेकला पेला डाव्या हातानं उचलला तर दुसऱ्यालाही डाव्यानंच उचलतोय ना, सिगारेट केवढी उरली होती, गळ्याचं बटण लावलेलं होतं की उघडं, संवादातला कुठला शब्द गाळला, सगळं वहीत टिपायचं. संध्याकाळी टाइप करून एक प्रत संकलकाला, एक ऑफिसला. अठरा वर्षांत माझी वही चुकली नव्हती. दिग्दर्शक आणि नट हमरीतुमरीवर आले की कोणीतरी म्हणायचं, "व्हर्नाच्या वहीत बघा," आणि भांडण तिथंच मिटायचं. मला त्याचा गर्व होता. त्यात लाजायचं काय?

मिल्ट झास्लो लेखक. सिनेमावाल्यांच्या या गावात त्याच्याइतकं साधं आणि काळजात घुसणारं लिहिणारा दुसरा मी पाहिला नाही. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या वॉशिंग्टनच्या चौकशी समितीनं त्याला बोलावलं, मित्रांची नावं विचारली. हा म्हणाला, माझ्याबद्दल काय हवं ते विचारा, दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. झालं. परत आला तो कामातून उठूनच. कुठल्याही स्टुडिओच्या फाटकात त्याला पाऊल टाकता येईना. तरी गसनं त्याचीच पटकथा घेतली. कागदावर नाव होतं कॉब नावाच्या एका माणसाचं. कॉबचा भाऊ मिल्टचा दंतवैद्य, आणि कॉबनं आयुष्यात नाताळच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं.

हे गुपित स्टुडिओत चौघांनाच ठाऊक: गस, मी, संकलक सॉल नाडेल आणि नायिका लिओना प्रुइट. फुटलं असतं तर सिनेमा गोदामात, गस घरी, आणि मिल्टला पुन्हा वॉशिंग्टनचं बोलावणं. या खेपेला तुरुंगच. त्याची बायको बेस, तिनं पहिल्याच खेपेला अंथरूण धरलं होतं, आत्ता कुठे हिंडूफिरू लागली होती.

सिनेमाचं नाव 'मिसेस टॉलिव्हर'. गिरणीला आग लागते, मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं, नऊ बायका आत मरतात. सगळं गाव म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या नावानं बोटं मोडतं. कुलूप खरं तर मिसेस टॉलिव्हरच्या नवऱ्यानं लावलेलं. तो आता मेलाय, आणि हे तिला एकटीलाच माहीत. चौकशीच्या दिवशी सकाळी ती आरशासमोर टोपीला पिन लावते आणि मागे उभ्या असलेल्या बहिणीला म्हणते, "किल्ली माझ्याकडे आहे." बस्स. या एका वाक्यावर सिनेमा उभा राहायचा नाहीतर आडवा व्हायचा.

लिओनानं तो पाच वेळा आडवा केला.

दहा वर्षांपूर्वी तिच्या नावावर थिएटरं भरायची. आता अडतीस वर्षांची झाली होती आणि ही भूमिका हातची गेली तर पुढे आईच्या भूमिका, हे तिला कळत होतं. त्या भीतीनं ती लाकडासारखी व्हायची. पाचव्या टेकनंतर ती खुर्चीत बसून म्हणाली, "गस, मला जमत नाहीये रे. कोणा दुसरीला घे." गसनं सगळ्यांना जेवायला सोडलं आणि स्वतः गाडी घेऊन गायब झाला.

परत आला तेव्हा बरोबर एक रंगारी. पांढरा डगला, पांढरी टोपी, हातात डबा. रंगारी सेटवर असतोच, भिंत खरवडली की लगेच हात फिरवायला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मी पाहिलं. रंगाऱ्याच्या पायात तपकिरी ऑक्सफर्ड बूट होते, आणि ते बूट मी मिल्टच्या घरी जेवताना डझनभर वेळा टेबलाखाली पाहिले होते.

"तुझं डोकं फिरलंय का?" मी गसच्या कानात म्हणाले.

"दहा मिनिटं गं. तो तिच्याशी बोलेल आणि जाईल."

"आणि ओळखला कोणी तर?"

"तुझ्यासारखे डोळे कोणाला आहेत इथं?"

मिल्ट लिओनाजवळ वाकला, भिंतीला रंग लावायचं सोंग करत काहीतरी पुटपुटला. नंतर तिनं मला सांगितलं तो काय म्हणाला ते. "पिन लावताना बोलू नकोस. पिन लागली पाहिजे, मग बोल. हात रिकामे झाल्यावर माणसाला भीती वाटते." एवढंच. मोठा उपदेश नाही, काही नाही.

सहावा टेक. लिओनानं पिन लावली. हात खाली आले. ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, आणि ते न कळणंच इतकं खरं होतं की माझ्या अंगावर काटा आला. ती आरशातल्या बहिणीकडे बघत होती. आणि त्याच आरशात, तिच्या खांद्याच्या वर, मला पांढरी टोपी दिसली.

मिल्ट जायला हवा होता. गेला नव्हता. दिव्यांच्या मागे उभा राहून तो तिच्याबरोबर ओठ हलवत होता. लेखकांची ही खोड मला नवी नाही, आपलं वाक्य कोणी बोलायला लागलं की यांचे ओठ आपोआप हलतात. पण ते सेटवरच्या काळोखात, आरशात नव्हे.

माझं काम सरळ होतं. पेन्सिल वर करायची, गस 'कट' म्हणतो. अठरा वर्षांत शेकडो वेळा केलं असेल. पेन्सिल हातात होती. लिओना म्हणाली, "किल्ली माझ्याकडे आहे," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण आता येईल, आता येईल असं वाटत राहिलं. मी पेन्सिल वर केली नाही.

हात मात्र सवयीचा गुलाम. खाली बघितलं तर वहीत लिहून मोकळी झाले होते: 'सहा. ठेवा. आरशात मिल्ट, ओठ हलतात. थांबवलं नाही.'

नावानिशी! असल्या मूर्खपणाला काय म्हणायचं? चोर चोरी करताना रोजनिशी लिहीत नाही. पण वहीत खोटं लिहायची माझ्या हाताला सवयच नव्हती. संध्याकाळी टाइप करताना मी ते वाक्य गाळलं. 'सहा. ठेवा.' एवढंच ठेवलं. आयुष्यातलं पहिलं अर्धवट टिपण. वहीतलं पान फाडावं तर पानांना छापील आकडे, आणि वह्या स्टुडिओत जमा होतात. एक पान गायब म्हणजे त्या पानावरच बोट ठेवल्यासारखं.

सॉलनं संकलनाच्या खोलीत तो तुकडा दहा वेळा पुढेमागे फिरवला. "पावणेदोन सेकंद दिसतो," तो म्हणाला. "बहिणीचा चेहरा मध्ये टाकतो. झाकला जाईल."

टाकला. झाकला गेला. लिओनाचे ते रिकामे हातही झाकले गेले. दृश्य मेलं नाही, पण लंगडायला लागलं. गसनं ते पाहिलं आणि टोपी उचलून निघून गेला. तो न भांडता जातो तेव्हाच भीती बाळगावी, हे मला कळायला हवं होतं.

ऑगस्टच्या एका सोमवारी सकाळी दहाला स्टुडिओचे मालक मिस्टर स्टर्जिस सिनेमा बघणार होते. त्यांच्याबरोबर मिस्टर पेल. हा पेल पूर्वी सरकारी तपास खात्यात होता, आता स्टुडिओंना कोण 'स्वच्छ' आणि कोण नाही ते सांगायचा. त्यानं मान डोलावली की माणसाला काम, नाही डोलावली की घरची वाट. आवाज असा मऊ की चर्चमध्ये बोलतोय असं वाटावं. तोंडात कायम पेपरमिंट. मिल्ट अजून कुठेतरी लिहितोय, अशी कुणकुण त्याच्या कानावर गेली होती. सिनेमा बघायला नाही, वास काढायला आला होता.

प्रथेप्रमाणे मी वही घेऊन हजर. साहेबांनी विचारलं की या दृश्याचे आणखी किती टेक आहेत, तर सांगायला कोणी हवं ना. दिवे मालवायच्या आधी सॉल माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसला. त्याचा चेहरा पांढराफटक.

"व्हर्ना, त्यानं काढून टाकला."

"काय काढून टाकला?"

"बहिणीचा चेहरा. गस आज सकाळी सातला आला, स्वतःच्या हातानं काढला. मला आत्ता कळलं. सातव्या रिळात मिल्ट आहे."

मी वळून गसकडे पाहिलं. तो स्टर्जिससाहेबांच्या शेजारी दुधाचा पेला हातात घेऊन बसला होता, पोटात अल्सर ना त्याच्या. माझ्याकडे बघेना.

दिवे गेले.

एक रीळ दहा मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो आणि दुसरं यंत्र सुरू होतं. साध्या प्रेक्षकाला तो दिसत नाही, आम्हाला दिसल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मी सिनेमा पाहिलाच नाही, नुसते ठिपके मोजले. दुसरं रीळ. तिसरं. आग लागली. नऊ बायका मेल्या. पेलनं पेपरमिंट बदललं. तो पडद्याच्या मध्ये बघतच नव्हता. जे बघायला सांगितलंय ते सोडून तो कडा, कोपरे, खिडक्या बघत होता. माझ्यासारखाच बघत होता मेला! या एकाच खोलीत माझ्या तोडीचे डोळे असलेला माणूस असावा आणि तो नेमका हा असावा, काय म्हणायचं नशिबाला.

पाचवं. सहावं. मला वाटलं उठावं, चक्कर आली म्हणून पडावं. मला कधी चक्कर येत नाही, जमलं नसतं.

ठिपका चमकला. सातवं.

मिसेस टॉलिव्हर जिना उतरली. आरशासमोर आली. टोपी घातली. पिन लावली. हात खाली आले. स्टर्जिससाहेब पुढे झुकले, श्वास रोखून. सत्तरीचा निबर म्हातारा, पण चांगलं काम दिसलं की विरघळायचा. "किल्ली माझ्याकडे आहे," लिओना म्हणाली, आणि आरशात तिच्या खांद्याच्या वर पांढरी टोपी चमकून गेली.

"थांबवा," पेल म्हणाला. मऊच.

यंत्र थांबलं. दिवे लागले.

"तेवढं परत दाखवाल का?"

दाखवलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा बघताना तर मला लिओना दिसलीच नाही, नुसता मिल्ट. चेहरा धूसर, टोपीची सावली डोळ्यांवर. पण ओठ स्वच्छ.

"आरशात कोण आहे हा?" पेलनं विचारलं.

गसनं तोंड उघडलं. त्याला मी तीस सिनेमांपासून ओळखते. तो आता छाती काढून खरं सांगणार आणि हुतात्मा होणार, हे मला त्याच्या मानेवरूनच कळलं. स्वतः मरायचं तर मर बाबा, पण बेसचं काय? मी आधीच बोलले.

"रंगारी दिसतोय. टोपीवरून सांगते."

पेल माझ्याकडे वळला. "मिस लिंडक्विस्ट ना? तुमचं नाव ऐकलंय. रंगाऱ्याला संवाद पाठ?"

"पाच टेक बोंबलले होते, मिस्टर पेल. सहाव्याला कॉफीवाल्यालाही पाठ होते."

सॉल मागे खोटंखोटं हसला. पेल हसला नाही.

"हा तुम्हाला तेव्हा दिसला होता का?"

दिसला म्हणावं तर नाव विचारणार. नाही म्हणावं तर अठरा वर्षांची अब्रू. मी वेळ काढला. "एकेचाळीस माणसं होती सेटवर."

"नाही, तसं नाही. तुमच्याबद्दल मी असं ऐकलंय की तुम्हाला दिसलं नाही असं होत नाही. आणि दिसलं तर लिहिलं नाही असंही होत नाही." त्यानं हात पुढे केला. "टाइप केलेलं मी वाचलंय. मला वही बघायची आहे."

वही माझ्या मांडीवर. मी दोन्ही हातांनी धरलेली. बोटं सैल सोडायला हवी होती, सुटेनात.

"दे इकडे," स्टर्जिससाहेब म्हणाले आणि त्यांनीच ती माझ्या हातातून ओढून घेतली. चष्मा कपाळावरून खाली आणला. पानं उलटली. बोटाला थुंकी लावून उलटत होते, एकेक पान. सातवा सीन, अकरावा, सतरावा. मग थांबले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या माणसानं मिल्टबरोबर बारा वर्षं दर गुरुवारी पत्ते खेळले होते. मिल्टच्या मुलीच्या लग्नात नाचला होता. मिल्ट वॉशिंग्टनहून परत आला त्या आठवड्यात त्यानंच मिल्टला फाटकाबाहेर काढायच्या कागदावर सही केली होती. आता त्याच्या हातात माझं अक्षर होतं, नावानिशी. पेल हात पुढे करून उभा होता. गस दुधाचा पेला खाली ठेवायला जागा शोधत होता.

"काय लिहिलंय?" पेलनं विचारलं.

म्हाताऱ्यानं वही मिटली. फाडकन.

"काही नाही!" तो ओरडला. "काही म्हणजे काही नाही! 'सहा, ठेवा.' एवढंच! हिला दिसलाच नाही!" वही कोटाच्या खिशात कोंबून तो माझ्या अंगावर धावून आला. "अठरा वर्षं! अठरा वर्षं या बाईला मी फक्त बघायला ठेवलंय! बटणं बघ, पेले बघ, माणसं बघ! आणि आरशात अख्खा माणूस उभा आहे आणि हिला पत्ता नाही! काय करत होतीस तेव्हा? विणकाम?"

मी उभी राहिले. तो थांबेना. माझं वय काढलं, माझा चष्मा न घालण्याचा ताठा काढला, लग्न झालं नाही तेसुद्धा काढलं. पेलनं दोनदा "ठीक आहे, मिस्टर स्टर्जिस" म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. दुसऱ्याची अशी बेअब्रू चाललेली बघवत नाही कोणाला, पेललाही नाही. वहीसाठी पुढे केलेला हात त्यानं हळूच खिशात घातला.

"चालती हो," स्टर्जिससाहेब शेवटी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. पुन्हा या स्टुडिओत तोंड दाखवायचं नाही."

दारापाशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, एकदम धंद्याचा. "माफ करा, मिस्टर पेल. तो टेक बदलून घेऊ का?"

"एका रंगाऱ्यासाठी?" पेल म्हणाला. "कशाला? चांगलं दृश्य आहे. बाई अखेर बोलते, ते मला आवडलं."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हसायला लागले. वाचला! मिल्ट वाचला, बेस वाचली, गस गाढव वाचला. म्हाताऱ्यानं काय नाटक केलं! संध्याकाळी गसचा फोन आला, तोही हसत होता आणि रडत होता. "व्हर्ना, तुझ्या पाया पडतो. अगं, महिनाभर थांब, पेलचं लक्ष दुसरीकडे गेलं की म्हातारा तुला स्वतः बोलावणार."

दुसऱ्या दिवशी मिल्ट आला. बेसनं खसखशीचा केक पाठवला होता. टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभा.

"मी जाऊन सांगतो, व्हर्ना. माझ्यासाठी तुझी नोकरी जाता कामा नये."

"खबरदार!" मी म्हणाले. "एवढा तमाशा मी ऐकून घेतला तो काय तू जाऊन ओकण्यासाठी? बस खाली. आणि सेटवर उभं राहून ओठ कसले हलवतोस रे? बाईनं इतकं छान म्हटलं, तुला काय घाई होती?"

"हलत होते?" तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मग त्यानं तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्याच्याकडे बघून मला रडू कोसळलं, आणि मी रडले.

महिना थांबले. दोन महिने थांबले. फोन नाही. मग मीच गेले. फाटकावरच्या माणसानं लाजत लाजत आत सोडलं. स्टर्जिससाहेब टेबलाशी बसून पीचच्या फोडी खात होते.

"बस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यानंच मी घाबरले.

"साहेब, आता निवळलंय. मी परत येऊ का?"

"मिल्ट पत्ते खेळतानासुद्धा ओठ हलवायचा," ते म्हणाले. "चांगली पानं आली की हमखास. खूप पैसे जिंकलेत मी त्याच्याकडून."

"मग?"

"पेल दर महिन्याला येतो, व्हर्ना. तू सेटवर दिसलीस की त्याला उमगेल मी त्या दिवशी काय केलं ते."

"मागच्या एखाद्या खोलीत ठेवा. फाइली लावते."

त्यांनी काटा खाली ठेवला. "वेडे, लिहिलंस कशाला? बघितलंस, गप्प बसलीस, मला समजू शकतं. मीही बघितलं, मीही गप्प बसलो. पण तू लिहून ठेवलंस. चुकणारी माणसं मी सांभाळतो, खोटं बोलणारी तर पोत्यानं सांभाळलीत. बघून खरं लिहून ठेवणारं माणूस हल्लीच्या दिवसांत घरात ठेवायची माझी छाती नाही."

"वही कुठाय?"

"जाळली. ऑगस्टात शेकोटी पेटवली, बायकोला वाटलं मला ताप चढलाय."

"निदान एक चिठ्ठी द्या. दुसरीकडे दाखवायला."

"काय लिहू त्यात?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, म्हातारा खरंच विचारत होता. मी पर्स उचलली आणि निघाले.

काय झालं ते एव्हाना गावभर झालं होतं. आमच्या गावात बातमीला पाय लागतात ते जेवणाच्या टेबलांवर. 'व्हर्नाला आरशातला माणूस दिसला नाही.' लोकांना गंमत वाटली. ज्यांच्या चुका मी अठरा वर्षं पकडल्या त्यांना तर फारच. नाव कुठल्या काळ्या यादीत नव्हतं माझं, कुठल्या समितीनं बोलावलं नव्हतं, तरी फोन केला की जो तो म्हणायचा, जागा भरली. 'मिसेस टॉलिव्हर' डिसेंबरात लागला. लिओनाचं कौतुक पेपरांत मावेना. उत्तम लेखनासाठी कॉबची पाठ थोपटली गेली, आणि तो म्हणे आता खरंच लिहायचं म्हणतोय.

फेब्रुवारीत लाइल ॲमंडसनचा फोन आला. दुसऱ्या एका स्टुडिओत प्रॉडक्शन मॅनेजर, मिनेसोटाचा, माझ्याच गावाकडचा. आम्ही दोघं एकाच वर्षी इकडे आलो होतो.

"व्हर्ना, मोठं काम आहे. आठ महिन्यांचं. मला तूच हवी आहेस."

मी पेन्सिल हातात घेतली. "कधीपासून?"

"एक अडचण आहे. माझे साहेब म्हणतात, तिची नजर गेली. मी म्हटलं शक्य नाही. अगं, मी तुला एकोणीस वर्षं ओळखतो. तुला घोड्याच्या शेपटीतली गाठ दिसते." त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांग मला. तुला दिसला होता ना तो? काहीतरी कारण होतं म्हणून गप्प बसलीस, असंच ना? तेवढं हो म्हण. मी जाऊन साहेबांना शपथेवर सांगतो की बाईची नजर शाबूत आहे. उद्या सकाळी आठला कामावर ये."

लाइल माणूस वाईट नाही. पण गेल्या वर्षी समितीनं त्यालाही बोलावलं होतं, आणि त्यानं अकरा नावं दिली होती. रडत दिली, म्हणे. मी हो म्हटलं असतं तर त्यानं पुढचं काही विचारलं नसतं. पण दुपारी जेवताना कारण काय असेल याचा विचार करत बसला असता, आणि शेजारी कोण बसलेलं असेल ते काय सांगावं?

"हॅलो? व्हर्ना? मी दोनदा पाहिला तो सिनेमा. मला तर आरशात कोणीच दिसलं नाही. सगळे लिओनाकडे बघत असतात गं. पण मला बघायचा पगार नव्हता, तुला होता. म्हणून विचारतोय. दिसला होता?"

"नाही," मी म्हणाले. "नाही दिसला, लाइल."

तो म्हणाला, "असू दे. वय होतं गं माणसाचं." आणि ते इतक्या मायेनं म्हणाला की फोन ठेवल्यावर मी समोरच्या खुर्चीला लाथ घातली, आणि ती पडल्यावर आणखी एक घातली.